सुती कापडाला टिकाऊ जिवाणूरोधक गुण कसे द्यावेत: कायटोसान आणि सायट्रिक आम्लाची पद्धत, पहिल्या धुलाईपासून शेवटच्या चाचणीपर्यंत

सुती कापड जिवाणूरोधक करणे अवघड नाही. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवलेला तुकडाही पहिल्या चाचणीत उत्तम गुण मिळवतो. खरी अडचण येते ती विसाव्या-तिसाव्या धुण्यानंतर, त्याच तुकड्यात काही उरले आहे का हे पाहताना. २००८ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात मिळणारे नॅनो-चांदीचे मोजे नुसत्या शुद्ध पाण्यात हलवून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली होती. औषध प्रभावी होते, पण धाग्याशी त्याचे नाते जुळलेले नव्हते.

म्हणून या लेखात रसायन कोणते यापेक्षा ते कापसाला कशाने बांधले जाते यावर जास्त भर आहे. मुख्य कृती कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि सायट्रिक आम्लाची आहे. तिच्यात फॉर्माल्डिहाइड लागत नाही, साहित्य मिळवणे फार कठीण नाही आणि एकदा ती नीट समजली की बाकीच्या पद्धतीही समजतात. दुसऱ्या दोन मार्गांची माहिती पुढे थोडक्यात दिली आहे.

कापसाची बाजू आधी समजून घ्या

कापसाचा तंतू जवळजवळ पूर्णपणे सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाण्याला ओढून घेतात, त्यामुळे साध्या हवेतसुद्धा सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते. त्वचेवरच्या बहुतेक जिवाणूंना सेल्युलोज खाता येत नाही. त्यांचे अन्न म्हणजे घाम, त्वचेचे तेल आणि गळालेल्या पेशी. कापूस त्यांना ओलावा आणि बसायला जागा देतो. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू घामातले घटक तोडतात तेव्हा दुर्गंधी सुटते.

जे हायड्रॉक्सिल गट ओलावा धरतात, तेच आपले हुकही आहेत. प्रक्रिया टिकवायची तर रसायनाचा रेणू या गटांना रासायनिक बंधाने जोडला गेला पाहिजे, नाहीतर निदान त्यांच्याभोवती असे जाळे विणले गेले पाहिजे की पाण्याला ते सोडवता येणार नाही.

जिवाणूरोधक प्रक्रियांचे मुख्य दोन वर्ग आहेत. पहिल्यात रसायन हळूहळू कापडातून बाहेर येते आणि आसपासच्या ओलाव्यात जिवाणूंना मारते. चांदी, ट्रायक्लोसान, अनेक वनस्पतिजन्य अर्क यात मोडतात. साठा संपला की काम थांबते, शिवाय जे बाहेर आले ते सांडपाण्यात गेले. ट्रायक्लोसान असलेल्या, सामान्य ग्राहकांसाठीच्या जंतुनाशक साबणांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बंदी घातली, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्या वर्गात रसायन जागचे हलत नाही. त्याच्यावर धन विद्युतभार असतो, जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. जिवाणू येऊन टेकला की त्याच्या आवरणाची घडी विस्कटते आणि आतले द्रव्य बाहेर झिरपते. कायटोसान हा या दुसऱ्या वर्गातला पदार्थ आहे. तो कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून तयार करतात आणि त्याचे अमाइन गट आम्लधर्मी ओलाव्यात धनभारित होतात.

माझे स्पष्ट मत आहे की अंगाला लागणाऱ्या कापडासाठी दुसराच वर्ग निवडावा. तो काही वेळा आकड्यांत थोडा मागे पडतो, पण जे कापडात घातले ते कापडातच राहते.

काम सुरू करण्याआधीची सावधगिरी

पुढच्या कृतीत सोडियम हायपोफॉस्फाइट हे उत्प्रेरक वापरायचे आहे. ते फार तापले, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर विघटन होऊन फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. त्यामुळे तापमानावर काटेकोर नियंत्रण असलेले ओव्हन, वाफ बाहेर नेणारी व्यवस्था, चष्मा आणि हातमोजे या गोष्टींशिवाय हे काम करू नका. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरायचा नाही. हायपोफॉस्फाइट क्लोरेट, ब्लीचिंग पावडर अशा ऑक्सिडीकारकांपासून लांब ठेवा. ज्यांना कवचाच्या जलचरांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी कायटोसानची पूड हाताळताना नाकावर मास्क लावावा.

पायरी पहिली: कापड खरोखर मोकळे करा

बहुतेक अपयशाचे मूळ इथेच असते, तरी या पायरीवर सर्वांत कमी वेळ दिला जातो. मागावरून आलेल्या कापडात ताण्याला लावलेली खळ असते, कापसाचे नैसर्गिक मेण आणि पेक्टिन असते. तयार घेतलेल्या कापडात बहुधा सॉफ्टनर असतो. यातला कोणताही थर मध्ये राहिला तर रसायन त्या थराला चिकटते आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात थरासकट निघून जाते.

खळ आहे का ते आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकून पाहा. निळा-जांभळा डाग उमटला तर पिष्टमय खळ आहे. ती अमायलेज विकराने काढायची. विकराच्या पाकिटावर दिलेले तापमान आणि पीएच पाळायचे. पुन्हा आयोडीनचा थेंब टाका. डाग पिवळसर-तपकिरीच राहिला की पुढे जा.

त्यानंतर स्कोअरिंग, म्हणजे मेण आणि पेक्टिन काढणारी क्षाराची धुलाई. लिटरला ५ ते १० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १ ते २ ग्रॅम नॉन-आयॉनिक वेटिंग एजंट (पाणी लवकर मुरवणारा, विद्युतभार नसलेला पदार्थ) घेऊन कापड उकळत्या पाण्यात तासभर ठेवा. कापड द्रावणाखाली पूर्ण बुडलेले हवे. क्षारयुक्त उकळत्या पाण्यात कापडाचा भाग हवेत उघडा राहिला तर सेल्युलोज कमजोर पडतो. मग गरम पाण्याने, पुढे साध्या पाण्याने धुवा, थोड्या अ‍ॅसेटिक आम्लाने उदासीन करा. पांढरे कापड हवे असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करा, पण त्यानंतर उरलेले पेरॉक्साइड कॅटलेज विकराने किंवा भरपूर गरम धुलाईने पूर्ण घालवा.

तयारी झाली की नाही याची एकच कसोटी पुरेशी आहे. कापड सपाट ताणून धरा आणि सेंटिमीटरभर उंचीवरून पाण्याचा थेंब सोडा. थेंबाची चमक पाच सेकंदांच्या आत नाहीशी झाली पाहिजे. चांगले स्कोअर केलेले कापड सेकंदभरातच पाणी पिते. कापडाच्या मध्यावर, काठांजवळ आणि दोन्ही टोकांना मिळून दहा ठिकाणी थेंब टाका. एका जागी थेंब रेंगाळला तर सगळे कापड पुन्हा स्कोअर करा.

आणि हो, या टप्प्यानंतर कोणताही सॉफ्टनर लावू नका. रंगाईही याआधीच उरकून घ्या, कारण प्रक्रियेनंतर कापसाची रंग घेण्याची पद्धतच बदलते.

पायरी दुसरी: कायटोसानचे द्रावण

कायटोसान विकत घेताना दोन गोष्टी विचारा: डीअ‍ॅसिटिलेशन (अमाइन गट मोकळे करण्याची क्रिया) किती टक्के आणि रेणूभार किती. डीअ‍ॅसिटिलेशन ८५ टक्के किंवा जास्त हवे, कारण जितके अमाइन गट मोकळे तितका धन भार जास्त. रेणूभार कमी असलेला घ्या. मोठ्या रेणूंचे द्रावण दाट होते, ते धाग्याच्या आत न शिरता वर पापुद्र्यासारखे वाळते आणि कापड कडक लागते.

एक लिटर बाथसाठी, म्हणजे कापड बुडवायच्या द्रावणासाठी, हे प्रमाण सुरुवातीला घ्या:

- कायटोसान १० ग्रॅम
- अ‍ॅसेटिक आम्ल १० मिलिलिटर
- सायट्रिक आम्ल ६० ग्रॅम
- सोडियम हायपोफॉस्फाइट ४० ग्रॅम
- नॉन-आयॉनिक वेटिंग एजंट १ ग्रॅम
- नॉन-आयॉनिक पॉलिएथिलीन इमल्शन १५ ग्रॅम

साधारण ७०० मिलिलिटर पाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल मिसळा आणि ते ढवळत असताना कायटोसानची पूड चिमटीचिमटीने भुरभुरा. एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतला भाग कोरडाच राहतो. मंद ढवळत रात्रभर ठेवा. सकाळी नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळा, कारण न विरघळलेले कण कापडावर ठिपके पाडतात. सायट्रिक आम्ल आणि हायपोफॉस्फाइट वेगळ्या २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून मग हळूहळू मिसळा. शेवटी वेटिंग एजंट आणि पॉलिएथिलीन इमल्शन घालून पाण्याने एक लिटर करा. पॉलिएथिलीन इथे उगीच नाही. क्रॉसलिंकिंगमुळे, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्यामुळे, कापडाची फाटण्याला विरोध करण्याची ताकद घटते, धागे एकमेकांवरून सहज सरकले की ती काही प्रमाणात परत मिळते.

बाथमध्ये कोणताही ऋणभारित पदार्थ जाऊ देऊ नका. साधा साबण, कपड्यांचे डिटर्जंट, ऋणभारित सॉफ्टनर, काही ऑप्टिकल ब्राइटनर यांपैकी काहीही कायटोसानला भेटले की लगेच गाळ बसतो. भांडे डिटर्जंटने धुतले असेल तर ते पुरेसे खंगाळलेले असू द्या.

सायट्रिक आम्लाच्या प्रमाणाबद्दल जरा थांबून बोलायला हवे. त्याच्या रेणूत तीन कार्बॉक्सिल गट आहेत. उष्णता दिली की शेजारचे दोन गट पाण्याचा रेणू सोडून अनहायड्राइड बनतात आणि ते सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध जोडतात. उरलेल्या गटांतून पुन्हा अनहायड्राइड तयार होतो आणि तो दुसऱ्या सेल्युलोज साखळीला किंवा कायटोसानला पकडतो. असा पूल तयार होतो. पण जे कार्बॉक्सिल गट कशालाच न जुळता मोकळे राहतात, ते ऋणभारित होऊन कायटोसानच्या धन भाराला झाकून टाकतात. म्हणजे आम्ल कमी पडले तर कायटोसान धुऊन जाते, जास्त झाले तर ते राहते पण निकामी होते. म्हणून सायट्रिक आम्लाचे ४०, ६० आणि ८० ग्रॅम असे तीन बाथ करून छोटे नमुने तपासणे हा सर्वांत उपयोगी प्रयोग आहे. तो कसा तपासायचा ते चाचणीच्या भागात येईल.

पायरी तिसरी: पॅडिंग आणि पिकअपचा हिशेब

कापड बाथमध्ये बुडवा, दोन रुळांमधून पिळा, पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा. दोनदा बुडवण्याचा फायदा असा की पहिल्या दाबात धाग्यातली हवा निघते आणि दुसऱ्या वेळी द्रावण आतपर्यंत जाते.

पिळल्यानंतरचे वजन लगेच घ्या. १०० ग्रॅम कापड ओले होऊन १८० ग्रॅम भरले तर पिकअप, म्हणजे कापडाने धरलेले द्रावण, ८० टक्के. वरच्या बाथमध्ये लिटरला १० ग्रॅम कायटोसान आहे, म्हणजे ८० मिलिलिटर द्रावणातून कापडावर ०.८ ग्रॅम कायटोसान आणि ४.८ ग्रॅम सायट्रिक आम्ल गेले. सगळी नोंद याच भाषेत ठेवा: कापडाच्या वजनाच्या किती टक्के. बाथचे प्रमाण तेच ठेवून रुळांचा दाब बदलला तर कापडावरचे रसायन बदलते, आणि दोन नमुन्यांची तुलना निरर्थक ठरते. सपाट विणीच्या कापडावर ७० ते ८० टक्के पिकअप ठीक. निटिंगचे कापड आणि टॉवेल जास्त द्रावण धरतात, त्यांच्यासाठी बाथ त्या प्रमाणात पातळ करा.

पॅडर (कापड बुडवून रुळांमधून पिळणारे यंत्र) नसेल तर हाताने फिरवायचे रुळाचे पिळणयंत्र चालते. हाताने मुरगळून पिळलेले कापड मात्र चालत नाही. घडीच्या जागी रसायन साचते आणि क्युअरिंगनंतर, म्हणजे पुढच्या उष्णतेच्या टप्प्यानंतर, तिथे पिवळे पट्टे दिसतात.

पायरी चौथी: वाळवणे आणि क्युअरिंग

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी उरकण्याचा मोह टाळा. आधी कापड पिनांच्या चौकटीवर ताणून ८० ते ८५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे, किंवा कोरडे होईपर्यंत वाळवा. फार गरम हवेत वाळवले तर पाणी पृष्ठभागाकडे धावते आणि आपल्याबरोबर रसायनही वर आणते. मग आतले धागे उपाशी आणि वरचा थर जाड, अशी असमान प्रक्रिया होते.

कोरड्या कापडाचे क्युअरिंग १५० ते १६० अंशांना दोन ते तीन मिनिटे करा. एस्टर बंध इथेच जुळतो. मोजायचे ते कापडाचे तापमान. ओव्हनच्या काट्यावर विसंबू नका. दार उघडून कापड आत ठेवताच ओव्हनचे तापमान घसरते, त्यात कापडात ओलावा उरला असेल तर बराच वेळ ते १०० अंशांच्या आसपासच रेंगाळते आणि ठरवलेली तीन मिनिटे तशीच निघून जातात. तापमानानुसार रंग बदलणाऱ्या पट्ट्या कापडाला चिकटवल्या तर खरी स्थिती कळते.

कमी क्युअरिंगचा तोटा धुण्यात दिसतो, जास्त क्युअरिंगचा लगेच डोळ्यांना दिसतो. सायट्रिक आम्ल तापले की त्याच्यापासून असंपृक्त आम्ले तयार होतात आणि कापड पिवळसर होते. शिवाय आम्ल आणि उष्णता मिळून सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. ताणबल आणि फाडबल दोन्ही मोजून घ्या. पांढऱ्या चादरीसाठी १५० अंशच बरे. गडद रंगाच्या कापडाला १६० अंश देता येतात, मात्र आधी छोट्या तुकड्यावर रंगाची छटा बदलते का पाहा.

पायरी पाचवी: पहिली धुलाई

न जुळलेले रसायन इथे काढून टाकायचे. आधी कोमट साध्या पाण्याने दोनदा धुवा. मग लिटरला अर्धा ग्रॅम सोडा अ‍ॅश घातलेल्या कोमट पाण्यात पाच मिनिटे, आणि पुन्हा साध्या पाण्याने, शेवटच्या पाण्याचा पीएच साताच्या आसपास येईपर्यंत. सोडा अ‍ॅश जास्त घालू नका, पाणी फार गरम करू नका. नुकताच जुळलेला एस्टर बंध गरम क्षारात सुटतो.

वाळल्यावर कापड मुठीत चुरगाळून सोडा. बिनप्रक्रियेच्या तुकड्यापेक्षा ते लवकर उलगडले तर क्रॉसलिंकिंग झाल्याचा तो पहिला, ढोबळ पुरावा आहे.

खरोखर बांधले गेले का?

जिवाणूंची चाचणी महाग आणि वेळखाऊ असते. तिच्याआधी रंगाच्या दोन चाचण्या करा, त्या तासाभरात होतात आणि फार काही सांगून जातात.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती सहसा सुटते. कायटोसान क्षारयुक्त पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळते. त्यामुळे नुसते वाळून चिकटलेले, बंध न जुळलेले कायटोसानही डिटर्जंटच्या धुण्यात बऱ्यापैकी टिकून राहते आणि फसवते. घाम मात्र बहुधा आम्लधर्मी असतो. म्हणून नमुन्याचा एक तुकडा एक टक्का अ‍ॅसेटिक आम्लात अर्धा तास हलवा, मग साध्या पाण्याने धुवा. यातून जे वाचले तेच जुळलेले.

आता ऑरेंज-२ सारख्या आम्ल रंगाचे अर्धा ग्रॅम प्रति लिटर द्रावण घ्या, त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचे काही थेंब घाला. त्यात तीन तुकडे पाच मिनिटे बुडवा: बिनप्रक्रियेचा, प्रक्रिया केलेला, आणि प्रक्रिया करून आम्लात हलवलेला. नीट खंगाळा. साधा सुती तुकडा जवळजवळ पांढरा राहतो, कारण आम्ल रंगाला कापसात धरायला काही नसते. कायटोसान असेल तिथे नारिंगी रंग चढतो. दुसरा आणि तिसरा तुकडा सारखेच रंगले तर बांधणी चांगली. तिसरा फिका पडला तर क्युअरिंग किंवा आम्ल अपुरे आहे.

दुसरी चाचणी मिथिलीन ब्लूची. हा धनभारित रंग मोकळ्या कार्बॉक्सिल गटांना जाऊन बसतो. साधे कापडही थोडे निळे होते, म्हणून तुलना नेहमी त्याच्याशी करा. एखादा नमुना ऑरेंजमध्ये फिका आणि मिथिलीन ब्लूमध्ये गडद निघाला तर त्यात सायट्रिक आम्ल जास्त झाले आहे. ४०, ६० आणि ८० ग्रॅमच्या तीन नमुन्यांतला कोणता घ्यायचा हे या दोन रंगांवरूनच ठरवता येते. याच तुकड्यांचा रंग दहाव्या, विसाव्या धुण्यानंतर पुन्हा पाहा.

प्रयोगशाळेला काय मागायचे

जिवाणू घरी किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात वाढवू नका. ते आयएसओ १७०२५ मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे काम आहे. आपले काम म्हणजे योग्य चाचणी मागणे आणि अहवाल वाचता येणे.

एएटीसीसी (अमेरिकेतली कापड रसायनतज्ज्ञांची संस्था) १४७ ही रेषांची चाचणी आहे. पोषक आगारवर जिवाणूंच्या समांतर रेषा ओढून त्यावर कापडाची पट्टी ठेवतात. पट्टीभोवती मोकळी जागा दिसली तर लोक खूश होतात. पण ती जागा म्हणजे रसायन कापडातून बाहेर पाझरल्याची खूण आहे. आपल्या बांधलेल्या प्रक्रियेत पट्टीखाली वाढ नसावी आणि बाजूला मोकळी जागाही नसावी. जागा दिसली तर आनंद मानण्याऐवजी कापड पुन्हा धुऊन तपासा.

संख्यात्मक निकालासाठी एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३ मागा. पहिल्यात एक मिलिलिटर जिवाणूद्रव शोषले जाईल इतके ४.८ सेंटिमीटर व्यासाचे तुकडे घेतात, ३७ अंशांच्या आसपास साधारण २४ तास ठेवतात, मग जिवंत जिवाणू मोजतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि क्लेबसिएला न्यूमोनिए हे दोन जिवाणू नेहमीचे आहेत. ९९ टक्के घट म्हणजे दोन लॉग, ९९.९ टक्के म्हणजे तीन लॉग. आयएसओ २०७४३ मध्ये सक्रियतेचे मूल्य दोन ते तीनच्या दरम्यान असेल तर परिणाम लक्षणीय, तीन किंवा जास्त असेल तर प्रबळ मानतात.

नियंत्रण नमुने दोन द्या. एक साधा, आणि दुसरा फक्त सायट्रिक आम्ल व हायपोफॉस्फाइटने प्रक्रिया केलेला, कायटोसानशिवाय. मोकळ्या आम्लगटांमुळे कापड आम्लधर्मी राहिले तर तेवढ्यानेही जिवाणू मरतात. दुसरा नमुना नसेल तर श्रेय कायटोसानचे की आम्लाचे हे कळणार नाही. तसेच मोजणीआधी रसायनाचा परिणाम थांबवणारा न्यूट्रलायझर वापरला का, हे अहवालात पाहा. तो नसेल तर जिवाणू मोजणीच्या ताटलीतही मरत राहतात आणि आकडा फुगतो.

धुतलेले नमुने देताना ५, १०, २० आणि शक्य असेल तर ५० धुण्यांचे वेगवेगळे द्या. धुलाई आयएसओ ६३३० नुसार करून घ्या आणि शेवटी डिटर्जंट पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने खंगाळण्यास सांगा. याला दोन कारणे आहेत. उरलेले डिटर्जंट स्वतः जिवाणू मारून खोटे यश दाखवते, किंवा त्याचा ऋण भार कायटोसानवर बसून खोटे अपयश दाखवतो.

दुसरे दोन मार्ग

मोठ्या उत्पादनात, जिथे कापडाची ताकद आणि पांढरेपणा दोन्ही राखायचे असतात, तिथे सिलेन जोडलेले क्वाटर्नरी अमोनियम संयुग अनेकदा सोयीचे पडते. डाऊ कॉर्निंगने विकसित केलेले डीसी-५७०० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. रेणूच्या एका टोकाला अठरा कार्बनची साखळी असलेला धनभारित नायट्रोजन, दुसऱ्या टोकाला ट्रायमेथॉक्सीसिलिल गट. पाण्यात, पीएच चार ते पाचच्या दरम्यान, मेथॉक्सी गट सुटून सिलेनॉल बनतात. कापड वाळवताना ११० ते १२० अंशांना ते कापसाशी आणि एकमेकांशी जुळून जाळे तयार करतात. बाथ ताजी वापरायची, ऋणभारित काहीही मिसळायचे नाही. विकतच्या द्रावणात मेथनॉल असते, त्यामुळे आगीपासून दूर आणि हवेशीर जागेत काम करायचे. याची रंगचाचणी ब्रोमोफिनॉल ब्लूने होते: प्रक्रिया झालेला भाग निळा होऊन खंगाळल्यावरही तसाच राहतो. कडक क्षारात हे जाळेही हळूहळू तुटते.

तिसरा मार्ग पुन्हा भरता येणाऱ्या प्रक्रियेचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत गँग सन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुती कापडाला हायडँटॉइनची संयुगे जोडून दाखवली. असे कापड सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ पाण्यातून काढले की नायट्रोजनवर क्लोरिन बसते आणि एन-हॅलामाइन तयार होते. हे क्लोरिन जिवाणूंना फार वेगाने मारते आणि त्यात खर्च होते. पुढच्या धुण्यात पुन्हा हायपोक्लोराइट दिले की कापड परत सज्ज. नेमाने ब्लीचमध्ये धुतल्या जाणाऱ्या रुग्णालयीन कापडासाठी मला हा मार्ग सर्वांत पटतो. गडद रंगाच्या, घरी धुतल्या जाणाऱ्या कपड्यांना तो शोभत नाही.

धुण्याची सूचना आणि लेबलवरचा दावा

कायटोसानच्या कापडासोबत वापरणाऱ्याला स्पष्ट सूचना द्या: सौम्य, कमी क्षाराचे डिटर्जंट, ४० अंशांपर्यंतचे पाणी, भरपूर खंगाळणे आणि क्लोरिन ब्लीच अजिबात नाही. कायटोसानचे अमाइन गट क्लोरिन पकडून ठेवतात आणि इस्त्री लागताच कापड पिवळे पडते. धुलाईचा सोडा घालून उकळणेही वर्ज्य, कारण एस्टर बंधाचा तो थेट शत्रू आहे.

लेबलवर लिहिताना कोणत्या जिवाणूवर, कोणत्या पद्धतीने, किती धुण्यांनंतर किती घट मिळाली एवढेच लिहा. हे कापड आजार टाळते असा दावा करण्यासाठी वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम आणि युरोपीय संघात ५२८/२०१२ हा जैवनाशकांचा नियम याबाबत कडक आहेत. अमेरिकेत नोंदणीशिवाय फक्त कापडाचे स्वतःचे रक्षण, जसे जिवाणूंमुळे येणारा वास रोखणे, एवढाच दावा करता येतो, आणि त्यासाठीही कापडावर वापरलेले जिवाणूरोधक रसायन त्या उपयोगासाठी नोंदलेले असावे लागते. अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी त्वचेच्या दाहाची चाचणी करून घ्या आणि कायटोसान कवचाच्या जलचरांपासून आलेले असल्याचे लेबलवर नमूद करा.